वेलीने बांधलेला मुलूख: काखेती

काखेती हा जॉर्जियाचा अगदी पूर्वेकडचा प्रदेश. उत्तरेला काकेशस पर्वताची बर्फाच्छादित मुख्य रांग आणि तिच्यापलीकडे रशियातील चेचन्या व दागेस्तान. पूर्वेला आणि दक्षिणेला अझरबैजान. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास आणि मुख्य शहर तेलावी. अलाझानी आणि इओरी या दोन नद्या या प्रदेशातून वाहतात. त्यांपैकी अलाझानीच्या रुंद, सपाट खोऱ्यात काखेतीची बरीचशी गावे, मठ आणि द्राक्षमळे आहेत. उत्तरेची पर्वतरांग थंड वारे अडवते, डोंगरांतून उतरणारे ओढे सुपीक गाळ आणून पसरतात आणि लांब, उबदार उन्हाळ्यात घड नीट पिकतात. जॉर्जियातील वाइनच्या द्राक्षांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक द्राक्षे या एकाच प्रदेशात होतात.

स्थानिक लोक काखेतीचे आणखी भाग पाडतात. तेलावीच्या बाजूची ती ‘शिदा’ म्हणजे आतली काखेती, राजधानी तिबिलिसीच्या बाजूची इओरीकाठची ती ‘गारे’ म्हणजे बाहेरची काखेती, आणि सिघनाघी शहराभोवतीचा आग्नेयेकडचा मुलूख म्हणजे किझिकी. अलाझानीच्या उगमाकडे पांकिसीची दरी आहे आणि पर्वताच्या ऐन माथ्यावर, मुख्य रांगेच्या पलीकडच्या उतारावर, तुशेती हा मेंढपाळांचा डोंगरी भाग आहे. या सगळ्या भागांना जोडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे द्राक्षवेल. ती इथल्या धर्मात आहे, गाण्यात आहे, चुलीत आहे आणि इतिहासातल्या प्रत्येक विध्वंसानंतर पुन्हा लावली गेली आहे.

वेलीचा क्रूस

प्राचीन काळी पूर्व जॉर्जियात कार्तली नावाचे राज्य होते. ग्रीक आणि रोमन लेखक त्यालाच इबेरिया म्हणत. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात संत निनो या स्त्रीने तेथे ख्रिस्ती धर्म आणला आणि राजा मिरियानने तो स्वीकारला, अशी जॉर्जियाची परंपरा सांगते. निनोने द्राक्षाच्या दोन काड्या आपल्या केसांनी बांधून क्रूस केला होता, असे मानतात. म्हणूनच जॉर्जियन चर्चच्या क्रूसाचे आडवे हात किंचित खाली झुकलेले असतात. निनोचा मृत्यू काखेतीतील बोदबे येथे झाला. तिची समाधी तेथील मठात असून जॉर्जियाच्या सर्वांत पूज्य तीर्थस्थानांत तिची गणना होते.

सहाव्या शतकात सीरियाकडून ‘तेरा असीरियन पिते’ म्हणून ओळखले जाणारे साधू जॉर्जियात आले. त्यांच्यापैकी अनेकांनी काखेतीत मठ स्थापले. योसेबने अलावेर्दीला, झेनोनने इकाल्तोला, तर दाविदने दक्षिणेच्या ओसाड, अर्धवाळवंटी टेकड्यांत गारेजा येथे. दाविद गारेजा हा खडकांत कोरलेल्या गुहांचा मोठा मठसमूह आहे. तेथील भित्तिचित्रांत संतांबरोबर मध्ययुगीन राजेही दिसतात. आज या समूहाचा काही भाग जॉर्जिया आणि अझरबैजान यांच्या सीमेवर येतो.

इकाल्तोच्या मठाला विद्येची परंपरा आहे. बाराव्या शतकात अर्सेन इकाल्तोएली या विद्वानाच्या नेतृत्वाखाली येथे विद्यापीठ होते आणि धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आदी विषय तेथे शिकवले जात. महाकवी शोता रुस्तावेली येथेच शिकला, अशी आख्यायिका आहे. विद्यापीठाच्या भग्न भिंतींजवळ आजही वाइनचे मोठाले मातीचे रांजण पडलेले दिसतात. मठ चालवायचा म्हणजे मळा राखायचा आणि वाइन करायची, हे काखेतीत ठरूनच गेले होते.

राज्य आणि राजधान्या

आठव्या शतकाच्या अखेरीस काखेती स्वतंत्र सत्ता म्हणून उभी राहिली. सुरुवातीचे तिचे राज्यकर्ते ‘कोरेपिस्कोपोस’ ही धर्माधिकाऱ्याची पदवी लावत. अकराव्या शतकाच्या आरंभी क्विरिके तिसरा याने शेजारचा हेरेती प्रांत जोडून राज्य बळकट केले. अलावेर्दीचे भव्य कॅथेड्रल त्याच्याच काळातले मानले जाते. ५० मीटरहून उंच असलेले हे पांढुरके मंदिर सपाट खोऱ्यात दुरूनही दिसते. २००४ मध्ये तिबिलिसीत सामेबा कॅथेड्रल पूर्ण होईपर्यंत जॉर्जियातील ते सर्वांत उंच चर्च होते.

११०४-०५ च्या सुमारास दाविद चौथा, ज्याला जॉर्जियन लोक ‘बांधणारा’ म्हणून ओळखतात, त्याने काखेती आपल्या राज्यात सामील केली. त्यानंतरचे शतक जॉर्जियाच्या वैभवाचे होते. पुढे तेराव्या शतकात मंगोल आले आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी तैमूरच्या स्वाऱ्या झाल्या. एकसंध जॉर्जिया खिळखिळा झाला आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे तुकडे पडले. १४६६ मध्ये गिओर्गी आठव्याने काखेतीत वेगळे राज्य स्थापन केले आणि ग्रेमी ही त्याची राजधानी झाली.

सोळाव्या शतकात राजा लेवानने अर्धशतकाहून अधिक काळ राज्य केले. पश्चिमेला ऑटोमन तुर्क आणि दक्षिणेला सफावी इराण अशा दोन महासत्तांमध्ये सापडूनही त्याने मुत्सद्देगिरीने शांतता राखली. रेशमाचा व्यापार वाढला आणि ग्रेमी गजबजलेले शहर झाले. १५६५ मध्ये त्याने बांधलेले देवदूतांचे चर्च आजही टेकडीवर उभे आहे. त्याच्या विटांच्या बांधणीत जॉर्जियन घाट आणि इराणी सजावट एकत्र आली आहे. शहराचे मात्र पायथ्याशी अवशेषच उरले आहेत.

ते अवशेष शाह अब्बास पहिला याच्या स्वाऱ्यांची खूण आहेत. १६१४ ते १६१७ या काळात त्याच्या सैन्याने काखेती वारंवार उद्ध्वस्त केली. ग्रेमी जाळले गेले, इकाल्तोचे विद्यापीठ बंद पडले. हजारो लोक मारले गेले, त्याहून कितीतरी अधिक लोकांना इराणात नेऊन वसवण्यात आले. त्यांचे वंशज इस्फहानजवळच्या फरेदान भागात आजही राहतात. धर्माने ते मुस्लिम झाले, पण चार शतकांनंतरही घरात जॉर्जियन भाषा बोलतात.

राणी केतेवान आणि गोवा

या काळातील एका व्यक्तीमुळे काखेतीचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो. राणी केतेवान ही काखेतीचा राजा दाविद पहिला याची पत्नी. पतीच्या मृत्यूनंतर १६०५ मध्ये दीर कोन्स्तांतिन याने स्वतःच्या वडिलांना आणि भावाला मारून सत्ता बळकावली. त्याला इराणचे पाठबळ होते. केतेवानने सरदारांना एकत्र करून त्याच्याविरुद्ध उठाव उभारला. कोन्स्तांतिन मारला गेला आणि तिचा मुलगा तेइमुराझ गादीवर आला. तो अजून लहान असल्याने कारभार काही काळ तिनेच पाहिला.

शाह अब्बासची चढाई टाळण्यासाठी १६१४ मध्ये ती बोलणी करायला इराणला गेली आणि ओलीस म्हणून अडकली. दहा वर्षे ती शिराझमध्ये कैदेत होती. धर्म सोडण्यास तिने नकार दिला, तेव्हा सप्टेंबर १६२४ मध्ये तापवलेल्या चिमट्यांनी छळ करून तिला ठार मारण्यात आले. शिराझमधील पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्याला आणले. जुने गोवे येथील संत ऑगस्टीनच्या मठात ते ठेवण्यात आले. पुढे मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि उंच मनोऱ्याचा एक भाग तेवढा उभा राहिला.

अवशेष चॅप्टर चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत होती. त्या नोंदीचा माग काढत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि जॉर्जियन अभ्यासक अनेक वर्षे शोध घेत राहिले. २००४ च्या सुमारास तेथील उत्खननात हाताचे एक हाड सापडले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचे डीएनए तपासले. आईकडून येणारा तो वंशगट भारतात आढळत नाही, जॉर्जियात मात्र आढळतो, असे त्यांना दिसले. २०१७ मध्ये हे अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला पाठवले गेले. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतील एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाला कायमचा सुपूर्द केला. गोव्यातील त्या भग्न मनोऱ्याकडे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते, की एका दूरच्या देशाची संत-राणी तेथे जवळजवळ चारशे वर्षे विसावली होती.

केतेवानचा मुलगा तेइमुराझ हा कवीही होता. आईच्या हौतात्म्यावर त्याने दीर्घकाव्य रचले. राज्य पुन्हा पुन्हा गमावूनही तो आयुष्यभर मदतीच्या शोधात फिरत राहिला आणि अखेर इराणच्या कैदेतच मरण पावला.

उठाव, तटबंदी आणि साम्राज्य

ओस पडलेल्या काखेतीत तुर्कमेन टोळ्या वसवण्याचा घाट इराणने घातला. मळे तोडून कुरणे करायची, असा त्याचा अर्थ होता. १६५९ मध्ये त्याविरुद्ध उठाव झाला. तुशेती आणि इतर डोंगरी भागांतले लोक खाली उतरले, काखेतीतल्या लोकांना मिळाले आणि त्यांनी बाख्त्रिओनीचा किल्ला घेतला. तुशांचा नायक झेझ्वा याला काय बक्षीस हवे असे विचारले, तेव्हा त्याचा घोडा दमून कोसळेपर्यंत जितकी जमीन धावेल तितकी तुशांना द्यायचे ठरले, अशी दंतकथा आहे. अलवानीची ती जमीन आजही तुश लोकांची हिवाळी वस्ती आहे.

सतराव्या शतकात राजधानी तेलावीला आली. तेथील राजवाड्यात १७२० मध्ये जन्मलेला एरेक्ले दुसरा हा काखेतीचा सर्वांत लोकप्रिय राजा. १७४४ मध्ये तो काखेतीच्या गादीवर बसला आणि १७६२ मध्ये त्याने कार्तली व काखेती एकत्र केली. दागेस्तानातून येणाऱ्या लुटारू टोळ्यांपासून आजूबाजूच्या गावांना आश्रय मिळावा, म्हणून त्याने सिघनाघीला चार किलोमीटरहून लांब तटबंदी घातली. तिला २३ बुरूज आहेत. बुरुजांना शेजारच्या गावांची नावे आहेत, कारण संकट आले की त्या त्या गावाचे लोक आपापल्या बुरुजाकडे धाव घेत.

१७८३ मध्ये एरेक्लेने रशियाशी गिओर्गियेव्स्कचा तह करून संरक्षण मागितले. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने तिबिलिसी जाळले, तेव्हा रशियाची मदत आली नाही. १७९८ मध्ये एरेक्ले तेलावीत वारला आणि १८०१ मध्ये रशियाने त्याचे राज्यच खालसा केले. रशियन सैन्याची धान्यवसुली असह्य होऊन १८१२ मध्ये काखेतीत मोठा उठाव झाला, तो चिरडण्यात आला.

तरीही एकोणिसाव्या शतकात इथल्या शिक्षित घराण्यांतून नवे लेखन आणि नवे विचार आले. त्सिनांदालीचा जहागीरदार अलेक्झांद्रे चावचावाद्झे हा कवी, सेनानी आणि मळेवाला. युरोपीय पद्धतीने तळघरात मुरवलेली, बाटलीबंद वाइन जॉर्जियात त्याच्याच वाड्यावर सुरू झाली, असे मानतात. १८५४ मध्ये दागेस्तानचा इमाम शमिल याच्या माणसांनी त्सिनांदालीवर छापा घालून तेथील घराण्यातील स्त्रिया आणि मुले पळवून नेली. रशियाच्या ताब्यातला शमिलचा मुलगा परत दिल्यावर १८५५ मध्ये त्यांची सुटका झाली. क्वारेलीत १८३७ मध्ये जन्मलेल्या इलिया चावचावाद्झेने भाषा, शिक्षण आणि वृत्तपत्र यांच्या बळावर राष्ट्रीय जागृती घडवली. मिर्झानी गावात १८६२ मध्ये जन्मलेला निको पिरोस्मानी हा चित्रकार शाळेत कला शिकला नव्हता. गुत्त्यांसाठी रंगवलेल्या त्याच्या चित्रांत मेजवानीला बसलेली माणसे, वाइनची मशके आणि सुगीचे दिवस अमर झाले आहेत.

जमिनीतला रांजण

वाइनचा जगातील सर्वांत जुना रासायनिक पुरावा जॉर्जियातच मिळाला आहे. तिबिलिसीच्या दक्षिणेला नवाश्मयुगीन वस्त्यांत सापडलेल्या मडक्यांच्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे अंश आढळले. ते इसवी सनपूर्व ६०००च्या आसपासचे असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ती ठिकाणे काखेतीच्या हद्दीत नाहीत, पण मातीच्या भांड्यात वाइन करण्याची रीत आज सर्वाधिक जिवंत आहे ती काखेतीतच.

या भांड्याला ‘क्वेव्री’ म्हणतात. अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता होत गेलेला हा मातीचा रांजण काही हजार लिटरपर्यंतचा असू शकतो. कुंभार तो मातीच्या वळ्या एकावर एक चढवत हाताने घडवतो. एकेक वळी थोडी सुकली की पुढची, अशा रीतीने मोठा रांजण व्हायला कित्येक आठवडे लागतात. भट्टीतून काढल्यावर गरम असतानाच आतून मधमाश्यांचे मेण लावतात. तेलावीजवळचे वार्दिसुबानी हे अशा कुंभारांचे गाव आहे. तयार क्वेव्री घराच्या ‘मारानी’त, म्हणजे वाइनच्या कोठारात, गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. जमीन त्याचा भार पेलते आणि आतले तापमान वर्षभर जवळपास स्थिर ठेवते.

द्राक्षे ‘सात्स्नाखेली’ या लाकडी द्रोणीत पायांनी तुडवतात. जॉर्जियाच्या पश्चिम भागात रसाबरोबर थोडाच चोथा घेतात. काखेतीची रीत वेगळी आहे. येथे साली, बिया आणि पिकलेले देठ हा सगळा चोथा, ज्याला ‘चाचा’ म्हणतात, रसासकट क्वेव्रीत जातो. सालीवरच्या नैसर्गिक यीस्टने रस आंबू लागतो. चोथा वर तरंगतो, तो दिवसातून अनेकदा दांड्याने खाली ढकलावा लागतो. आंबणे थांबले की तो आपोआप तळाशी बसतो. मग तोंडावर झाकण ठेवून ते ओल्या मातीने लिंपतात आणि पाच-सहा महिने क्वेव्रीला हात लावत नाहीत. निमुळत्या तळाशी बिया सर्वांत खाली जातात, त्यांच्यावर साली बसतात, त्यामुळे बियांचा कडवटपणा वाइनमध्ये फारसा उतरत नाही. वसंतात झाकण उघडते तेव्हा हिरव्या द्राक्षांची वाइन अंबरासारख्या पिवळसर-तांबूस रंगाची झालेली असते. तिला चहासारखी तुरट चव आणि भरदारपणा असतो. उरलेल्या चोथ्यापासून ऊर्ध्वपातनाने कडक मद्य काढतात, त्यालाही चाचाच म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्रीची ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली.

जॉर्जियात द्राक्षांच्या पाचशेहून अधिक देशी जाती नोंदल्या गेल्या आहेत. काखेतीत प्राधान्य दोघींना. ‘र्कात्सितेली’ म्हणजे लाल शिंग. वेलीच्या तांबूस काडीवरून हे नाव पडले, द्राक्ष मात्र हिरवे असते. ‘साफेरावी’ म्हणजे रंग देणारी. हिची साल काळी आणि गरही लालसर, त्यामुळे वाइन गडद होते. म्त्स्वाने, किसी, खिख्वी या इतर जाती आहेत. त्सिनांदाली, मुकुझानी, नाफारेउली, किंद्झमाराउली ही काखेतीतील ठिकाणांची नावे तिथल्या वाइनचीही नावे झाली असून त्यांना भौगोलिक ओळखीचे कायदेशीर संरक्षण आहे.

चर्चच्या विधींसाठी काही क्वेव्री वेगळ्या राखतात. त्यातल्या वाइनला ‘झेदाशे’ म्हणतात आणि ती पूजेखेरीज उघडत नाहीत. अलावेर्दीच्या मठात भिक्षू आजही जुन्या मारानीत क्वेव्रीची वाइन करतात.

सोव्हिएत काळात मोठ्या कारखान्यांना ढीगभर माल हवा होता. थोड्याच जातींची लागवड वाढली, क्वेव्री फक्त घरगुती वापरात उरल्या. १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मद्यपानविरोधी मोहीम काढली आणि अनेक मळे उपटले गेले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनच्या आयातीवर बंदी घातली. बहुतेक निर्यात रशियालाच होत असल्याने उत्पादकांवर संकट कोसळले. २०१३ मध्ये बंदी उठेपर्यंत त्यांनी दर्जा सुधारला, नव्या देशांत बाजार शोधले आणि विस्मरणात गेलेल्या जाती व क्वेव्री पुन्हा वापरात आणल्या. जगभर नैसर्गिक वाइनची आवड वाढली, तेव्हा काखेतीची अंबरी वाइन तयारच होती.

रत्वेली: खुड्याचा सण

सप्टेंबर उजाडला की काखेतीत ‘रत्वेली’, म्हणजे द्राक्षांचा खुडा, सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. शहरात गेलेली मुले, नातेवाईक, शेजारी सगळे मळ्यात जमतात. दिवसभर घड कापायचे, संध्याकाळी अंगणात जेवायचे आणि गायचे, असा क्रम असतो. याच सुमारास अलावेर्दीला ‘अलावेर्दोबा’ ही जत्रा भरते. डोंगरातले मेंढपाळ आणि सखल भागातले मळेवाले पूर्वापार तिथे एकत्र येत आले आहेत.

ताज्या रसाचे पहिले काम म्हणजे ‘चुर्चखेला’. अक्रोडाचे तुकडे दोऱ्यात ओवतात. द्राक्षाचा रस आटवून त्यात गव्हाचे पीठ घालून दाट शिजवतात, या लापशीला ‘तातारा’ म्हणतात. माळ तिच्यात बुडवून काढतात आणि दांडीला टांगून वाळवतात. दिसायला मेणबत्तीसारखी, चावायला चिवट आणि गोड अशी ही माळ महिनोन्महिने टिकते. सैनिक आणि प्रवासी ती शिदोरी म्हणून नेत, असे सांगतात. नववर्षाला करतात ती ‘गोझिनाकी’ म्हणजे मधात शिजवलेल्या अक्रोडाची वडी. चिक्की खाणाऱ्याला ती अनोळखी वाटणार नाही.

वेलीच्या निखाऱ्यावरचे जेवण

पश्चिम जॉर्जियात मका, तिखट आणि अक्रोडाची वाटणे यांचा भर असतो. काखेतीचे जेवण गहू आणि मांसावर उभे आहे आणि त्यात मसाला कमी. पाव भाजण्याची भट्टी ‘तोने’ ही मातीची, विहिरीसारखी खोल आणि बरीचशी तंदूरसारखी असते. तळाशी वेलीच्या छाटलेल्या काड्या जाळतात आणि तापलेल्या भिंतीला कणकेचे गोळे ओढून चिकटवतात. दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा वळलेला हा पाव म्हणजे ‘शोती’. त्याला ‘देदास पुरी’, म्हणजे आईची भाकरी, असेही म्हणतात.

छाटणीच्या याच काड्यांच्या निखाऱ्यावर ‘म्त्स्वादी’ भाजतात. डुकराच्या मांसाचे किंवा गोमांसाचे तुकडे सळईवर लावून फक्त मीठ घालतात, मसाल्यात मुरवत नाहीत. या काड्या झटकन पेटतात आणि प्रखर निखारा देतात, म्हणून मळेवाले हिवाळ्यातल्या छाटणीच्या मोळ्या वर्षभर जपून ठेवतात. भाजलेले मांस कच्च्या कांद्याच्या चकत्यांवर काढतात, कधी वरून डाळिंबाचे दाणे टाकतात.

ईस्टरच्या सुमारास ‘चाकापुली’ होते. कोवळे कोकराचे मांस, कच्चे आंबट आलुबुखार, पांढरी वाइन, कांद्याची पात आणि मुबलक तारखुना ही बडीशेपेसारख्या वासाची हिरवी पाने, हे सगळे एकत्र मंद आचेवर शिजते. वसंतातली आंबट-हिरवी चव हेच त्याचे सौंदर्य. ‘खाश्लामा’ हे त्याहून साधे, मिठाच्या पाण्यात तासन्तास उकडलेले गोमांस. ‘चिखिर्त्मा’ हे कोंबडीचे सूप अंडे आणि पिठाने दाट करून व्हिनेगरने आंबट करतात. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी जड डोक्यावर उतारा म्हणून ते हमखास पितात.

सोबतीला ‘जोंजोली’ असते. एका झुडपाच्या न उमललेल्या फुलांचे तुरे खारात मुरवून कांदा-तेलात कालवलेले हे लोणचे काखेतीकरांचे आवडते. टोमॅटो-काकडीच्या कोशिंबिरीवर घाण्याचे, खमंग वासाचे सूर्यफुलाचे तेल ओततात. वांगी, टोमॅटो आणि ढोबळी मिरची शिजवून केलेली ‘आजाप्सांदाली’ उन्हाळ्यात घरोघर असते. तिच्यात कोथिंबीर आणि लसूण सढळ हाताने पडते.

डोंगरातले शेजारी

तुशेतीचे अन्न वेगळे, कारण तिथे वेल येत नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन अबानोच्या खिंडीतून वर जातात. ही खिंड २,८०० मीटरहून उंच असून रस्ता वर्षातले काही महिनेच खुला असतो. शरद ऋतूत कळप पुन्हा खाली, काखेतीच्या दक्षिणेकडील कोरड्या शिराकीच्या मैदानांपर्यंत उतरतात. ‘गुदा’ हे तुशेतीचे प्रसिद्ध चीज मेंढीच्या कातडीच्या पिशवीत मुरते, त्यावरूनच त्याचे नाव पडले. दही आटवून केलेल्या घट्ट सारणाची ‘कोतोरी’ ही पातळ पोळी आणि मांसाच्या सारणाची ‘खिंकाली’ हे डोंगराचे पदार्थ. तुशेतीत डुकराचे मांस नेणेही निषिद्ध मानतात.

पांकिसीच्या दरीत किस्त लोक राहतात. चेचेन मूळ असलेले हे मुस्लिम एकोणिसाव्या शतकात तिथे आले. दुइसी गावातील स्त्रिया शुक्रवारी एकत्र जमून झिक्र, म्हणजे सामूहिक नामस्मरण, करतात. अलवानीच्या काही घरांत बात्स ही चेचेनशी नाते असलेली भाषा बोलली जाते. तिचे बोलणारे आता फार थोडे उरले आहेत.

मेजवानी आणि गाणे

काखेतीचे सगळे जीवन ‘सुप्रा’त, म्हणजे मेजवानीत, एकत्र येते. तिचे सूत्र ‘तामादा’कडे असते. तो क्रमाने एकेका विषयावर बोलतो. देव, शांतता, मायभूमी, दिवंगत पूर्वज, मुले, पाहुणे असे हे विषय येतात आणि प्रत्येक बोलण्यानंतर पेला उचलला जातो. कधी पेल्याऐवजी ‘कांत्सी’ हे शिंग असते. ते खाली ठेवता येत नाही, म्हणून रिकामेच करावे लागते. तामादा आपला विषय दुसऱ्याकडे सोपवतो तेव्हा ‘अलावेर्दी’ असे म्हणतो. पेला उचलताना सगळे ‘गाउमार्जोस’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ विजय असो, असा आहे. शतकानुशतके लढाईच्या सावटात जेवलेल्या लोकांच्या भाषेत तो रुजला, यात नवल नाही.

टेबलाभोवतीच गाणे सुरू होते. जॉर्जियन बहुस्वरी गायनाला युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीच्या मौखिक वारशाचा दर्जा दिला. काखेतीच्या शैलीत दोन एकल गायक आळीपाळीने अलंकृत, लांबलचक सुरावट गातात आणि बाकीचे सगळे ‘बानी’ हा एकच खर्जाचा सूर धरून ठेवतात. भारतीय कानाला त्यात तंबोऱ्याची आठवण होते. या शैलीतील ‘चाक्रुलो’ हे युद्धाच्या तयारीचे गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर अंतराळात पाठवले गेले. त्याच तबकडीवर गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. काखेतीच्या राणीचे अवशेष गोव्यात राहिले आणि काखेतीचे गाणे गोव्याच्या गायिकेसोबत सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागले.

आज त्सिनांदालीच्या वाड्यात आणि पिरोस्मानीच्या जन्मगावी संग्रहालये आहेत, सिघनाघीची तटबंदी पर्यटकांनी गजबजते आणि १९१२ मध्ये स्थापन झालेले लागोदेखीचे राखीव अरण्य देशातील सर्वांत जुने म्हणून जपले जाते. पण काखेतीचे खरे संग्रहालय घराघरांतल्या मारानीत आहे. तिथे दर शरदात जुनी क्वेव्री धुऊन स्वच्छ केली जाते, नवा रस ओतला जातो आणि वर माती लिंपली जाते. वसंतात ती माती काढेपर्यंत बाहेर द्राक्षवेलींची छाटणी उरकलेली असते आणि पावासाठी व म्त्स्वादीसाठी नव्या काड्यांच्या मोळ्या भिंतीला टेकलेल्या असतात.